दोन्ही फौजांचा पक्षी

जून संपत आलाय, साल २०२५. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या पालखी मार्गावर, पिंपळीत, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. महिन्यापूर्वी मेच्या अखेरच्या धुवांधार पावसात इथंच, पिंपळी-लिमटेकच्या हद्दीत, नीरा डावा कालवा फुटला होता आणि पाणी या रस्त्यावरून धावलं होतं. आज माणसं धावताहेत. तुकोबांची पालखी बारामतीतून निघाली आहे. पुढं काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घातल्या जातील, मेंढ्या रथाभोवती रिंगण धरतील, मग मुक्काम सणसरला. मधल्या गावांच्या वाट्याला येतो तो फक्त जाता जाता घडणारा दर्शनाचा क्षण.

"पावणं, मागं सरा की जरा. रथ आला," शेजारचे धोतरवाले आजोबा म्हणतात.

रथाच्या आधी गरुडटके येतात. उंच काठ्या, जरीचं कापड आणि त्यावर गरुड. सगळे रथाकडं बघताहेत. तुम्ही टक्क्याकडं बघा. टके, अब्दागिरी, तुतारी, चोपदार हा सगळा थाट राजाच्या स्वारीचा आहे. वारकऱ्यांनी तो देवाला दिला, पण मूळचा तो दरबारातला आणि रणातला. फौजेच्या तोंडाशी निशाण चालायचं, तसा हा पक्षी आज टाळकऱ्यांपुढं चालतोय.

आता मान आणखी वर करा. कालव्यावरच्या पुलाखालून पाकोळ्यांचा थवा सुटलाय. विळ्यासारखे पंख, तोंड उघडं, उडता उडताच किडे टिपणं चाललंय. पाय इतके आखूड की तारेवर चिमण्यांसारखं रांगेत बसणं त्यांना जमत नाही. भिंतीला, पुलाच्या छताला नखांनी चिकटायचं, नाहीतर उडत राहायचं.

हे दोन पक्षी ध्यानात ठेवा. एकानं पायाच्या नखांत हत्ती आणि कासव एकदमच उचलले होते. दुसऱ्याला जणू पायच नाहीत. दोघांनाही माणसांनी आधी निशाणावर चढवलं, मग तोफांवर, विमानांवर आणि क्षेपणास्त्रांवर.

आजोबांनी मागं सरायला सांगितलंय ना? सरा. अडीचशे वर्षं मागं सरा.

रस्ता नाहीसा होतो. कालवाही नाही; तो खणायला इंग्रजांना अजून शंभर वर्षं आहेत. उसाच्या जागी कोरडवाहू ज्वारी आणि बाभळी. पायवाटेनं तुम्ही बारामतीत पोचता. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक म्हणजे भली मोठी सावकारी, पेशव्यांशी सोयरीक आणि अधूनमधून पेशव्यांशीच वैर. त्यांच्या आश्रयाला असलेले पुराणिक मोरोपंत पराडकर समोर बसले आहेत. हेच पंत पुढं अख्खं महाभारत आर्यावृत्तात उतरवून बसतील.

आदिपर्वातलं गरुडाचं आख्यान चाललंय असं समजा. विनता आणि कद्रू या सवती. उच्चैःश्रव्याच्या शेपटीच्या रंगावरून पैज लागते, कद्रू लबाडी करते, विनता दासी होते. आईला सोडवायची तर सापांना अमृत आणून द्यायचं. गरुड स्वर्गात घुसतो, देवांची दाणादाण उडवतो, अमृताचा कुंभ उचलतो. पण स्वतः थेंबही चाखत नाही. त्यावर विष्णू प्रसन्न होतात. माग म्हणतात. गरुड मागतो: मला तुमच्याही वर जागा हवी. विष्णू तथास्तु म्हणतात. मग गरुडच म्हणतो, तुम्हीही काही मागा. विष्णू मागतात: तू माझं वाहन हो.

मोठी अडचण. वाहन म्हणजे खाली, आणि शब्द तर वर बसवण्याचा दिलेला. यावरचा तोडगा मला सगळ्या पुराणांतला सर्वांत चतुर करार वाटतो: गरुड वाहनही होतो आणि ध्वजावरही बसतो. पाठीवर देव, आणि देवाच्या डोक्यावर तोच. ओझं वाहणाराही तो आणि मिरवणाराही तो. पुढं जी जी यंत्रं त्याच्या नावानं निघाली, त्यांच्यात या करारातली नेमकी कुठली बाजू उतरली, हे बघत चला.

मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्यावरचा. त्यांच्या जन्मगावी जायला तुम्हाला आणखी साडेपाचशे वर्षं उतरावं लागेल.

साल १२१२ च्या आसपास. पन्हाळ्याचा डोंगर. तीन दरवाजा, अंबरखाना असं तुमच्या ओळखीचं काही शोधू नका. गडावर शिलाहारांचा राजा दुसरा भोज आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी हा शेवटचा, याची त्याला कल्पना नाही. खाली देवगिरीहून आलेली यादव सिंघणाची फौज. हत्ती, घोडी, धनुर्धारी, आणि पाणक्यांच्या पखालींनी झालेला चिखल.

धुरळ्यात तुम्ही भरकटता. एक भालाईत वाट अडवतो.

"कोणाकडचा रं तू?"

तुम्ही हुशारीनं वरचं निशाण दाखवता: सोनेरी गरुड. त्याच्या चेहऱ्यावरची शंका तशीच राहते, कारण समोरच्या फौजेचं निशाणही सोनेरी गरुडच आहे. हे मी रंगवून सांगत नाही. यादवांच्या लेखांत त्यांचं बिरुद ‘सुवर्णगरुडध्वज’. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या लेखांतही ‘सुवर्णगरुडध्वज’. यादव स्वतःला विष्णूच्या वंशातले, द्वारकेचे म्हणवत, तेव्हा त्यांच्या ध्वजावर गरुड येणं सरळ आहे. शिलाहारांचं प्रकरण मात्र विलक्षण. ते आपला मूळपुरुष म्हणून विद्याधर जीमूतवाहनाचं नाव सांगत. एका नागाचा जीव वाचवावा म्हणून हा जीमूतवाहन शिळेवर जाऊन बसला आणि त्यानं आपला देह गरुडापुढं ठेवला. गरुड त्याला खाऊ लागला, मग खरा प्रकार कळून ओशाळला. म्हणजे ज्याच्या चोचीत आपला पूर्वज सापडला, त्याच पक्ष्याला या घराण्यानं माथ्यावर घेतलं. एवढा मोठा मनाचा राजवंश निशाणांच्या इतिहासात दुसरा दाखवा.

पन्हाळा पडतो. भोजाचं राज्य संपतं. यादवांचा प्रशस्तीकार लेखणी सरसावतो आणि लिहितो, की भोज हा पन्हाळ्यात राहणारा बलाढ्य साप, आणि सिंघण म्हणजे त्याला पळवून लावणारा गरुड. हरलेल्याच्या ध्वजावरही गरुड होता, हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. जिंकलेला पक्ष पक्षी ठेवून घेतो. हरलेल्याला साप व्हावं लागतं.

भालाइताचा प्रश्न मात्र सांभाळून ठेवा.

सिंघणाचा पणतू रामदेवराव याच्या काळात हे वैभव उतरणीला लागतं. १२९६ च्या सुरुवातीला तुम्ही देवगिरीच्या तटावर आहात. कड्याच्या माथ्यावर गरुडध्वज फडकतोय, आणि खाली अल्लाउद्दीन खिलजीचे काही हजार घोडेस्वार. रामदेवरावाची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. घाईघाईनं धान्याची पोती गडावर चढवली आहेत, त्यामुळं थोडा धीर आहे. मग कोणीतरी पोतं सोडतं. आत मीठ. फिरिश्ता ही गोष्ट सांगतो, आणि ती खरी असो वा नसो, वेढ्यात सापडलेल्या माणसाला पटावी अशी आहे. पिढ्यान्पिढ्यांची बिरुदावली गाणारे भाट गडावर असतील, ज्वारी नव्हती. ध्वज अजून काही वर्षं टिकेल, पण आता त्याच्या खालचा राजा दिल्लीला खंडणी देणारा असेल.

त्याच वर्षी, १२९६ मध्ये, लंडनला चला. पेंब्रोकचा सरदार विल्यम द व्हॅलेन्स नुकताच वारला आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या थडग्यावर त्याची आडवी प्रतिमा, अंगभर फ्रान्सच्या लिमोज गावच्या कारागिरांचं मीनाकाम, आणि ढालीवर पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांभोवती लहान लहान लाल पक्ष्यांची माळ. वाका, नीट बघा. चोच आहे, पंख आहेत, शेपूट आहे. मांड्यांपाशी पिसांचे झुपके आणि तिथंच शेवट. पाय नाहीत.

हा मार्टलेट. पाकोळी, भिंगरी असल्या पक्ष्यांकडं बघून युरोपातल्या चित्रकारांनी घडवलेला, आणि पुढं दंतकथेनं उचललेला: जो कधीच कुठं बसत नाही, झोपतोही हवेतच. गंमत अशी की दंतकथा फार खोटी ठरली नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाकोळीच्या युरोपीय बहिणींच्या अंगावर इवलीशी यंत्रं बांधली आणि २०१६ मध्ये दाखवून दिलं, की यातल्या काही वर्षाकाठी दहा महिने जमिनीला टेकतच नाहीत.

इंग्रजांच्या चिन्हशास्त्रात पुढं या पक्ष्याला एक घरगुती कामही मिळालं. मुलांच्या क्रमाप्रमाणे ढालीवर खूण घालायची, त्यात चौथ्या मुलाची खूण मार्टलेट. कारण रूढ समजूत अशी: थोरल्याला जहागीर, चौथ्याला पाय टेकायलाही जमीन उरत नाही, तेव्हा त्यानं पंखांवरच पोट भरावं. पिंपळीत कालव्याखालच्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावं चढलेली असतात, त्यांतल्या धाकट्यानं एमआयडीसीचा रस्ता धरला की काय घडलं ते तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रज सरदारानं तेवढं चित्र काढून ढालीवर लावलं.

सहाशे चव्वेचाळीस वर्षं पुढं उडी घ्या. २५ डिसेंबर १९४०, ऑर्कनी बेटं. थंडीनं बोटं वळत नाहीत. खाली स्कापा फ्लोचा नौदल तळ, त्याची टेहळणी करायला आलेलं जर्मन युंकर्स ८८ विमान, आणि त्याच्या पाठलागावर ब्रिटिश आरमाराच्या ८०४ व्या स्क्वाड्रनची दोन ठेंगणी, पिंपासारख्या पोटाची विमानं. नाव मार्टलेट. जर्मन विमान पाडलं जातं. अमेरिकेत बनलेल्या लढाऊ विमानानं ब्रिटिशांच्या हाती मिळवलेला हा पहिला बळी. पण ही विमानं ब्रिटिशांनी मागवलेलीच नव्हती. ग्रमन कंपनीकडं त्यांची मागणी नोंदवली होती फ्रान्सनं; जूनमध्ये फ्रान्स पडला, मालाला धनी उरला नाही, तो ब्रिटननं उचलला. वैमानिकाच्या पुढ्यातल्या तबकड्यासुद्धा आधी फ्रेंचांच्या सोयीच्या होत्या. घर नसलेल्या पक्ष्याचं नाव याला फार चपखल बसलं. १९४४ मध्ये अमेरिकी नावाशी जुळवून घेण्यासाठी या विमानांना ‘वाइल्डकॅट’ करण्यात आलं. पाखराचं मांजर झालं.

तोवर दुसरा पक्षीही इंग्रजांच्या हाती लागला होता. ऑक्टोबर १९४२ पासून कोइंबतूरला ब्रिटिश आरमाराचं विमानदुरुस्ती आगार सुरू होतं, पूर्वेकडच्या ताफ्याची जायबंदी विमानं तिथं यायची. ब्रिटिश नौदलाची रीत अशी, की जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखं नाव द्यायचं. या आगाराचं नाव ‘एचएमएस गरुड’. समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, डोंगरांच्या पायथ्याशी, इंग्रजांच्या राजाचं जहाज म्हणून गरुड नोंदला गेला. स्वतंत्र भारताच्या नौदलानं ११ मे १९५३ ला कोचीत पहिला हवाई तळ उभा केला, तेव्हा नाव तेच, मागचं राजचिन्ह बदललं: ‘आयएनएस गरुड’. निशाण उतरतं, पक्षी जागच्या जागी राहतो.

आता कानात बोटं घाला. जानेवारी १९६३, बार्बाडोस बेट. नारळीच्या पलीकडं एक अचाट नळी आकाशाकडं रोखलेली आहे. अमेरिकी युद्धनौकेच्या सोळा इंची तोफेच्या नळीपासून केलेली, पुढं दुसरी नळी जोडून ३६ मीटर लांब झालेली ही तोफ कुणावर डागायची नाही. ती वर डागायची आहे. कॅनडाचा जेराल्ड बुल नावाचा तिशीतला इंजिनिअर म्हणतो, रॉकेट महाग पडतं, तोफेनंच अंतराळात सामान पोचवू. त्याच्या पाठीशी माँट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ, आणि मॅकगिलच्या ढालीवर तीन लाल मार्टलेट. म्हणून तोफेतून सुटणाऱ्या बाणाचं नावही मार्टलेट.

धरणी हादरते. आपल्या पहिल्याच उड्डाणात तो सव्वीस किलोमीटर वर जातो. पंख आहेत, पाय नाहीत. वर गेला की परत पाय टेकायची गरजही नाही. १८ नोव्हेंबर १९६६ ला ॲरिझोनातल्या युमा इथं तशाच तोफेतून सुटलेला मार्टलेट १८० किलोमीटर उंची गाठतो. तोफेच्या गोळ्याचा हा उच्चांक अजून मोडलेला नाही.

इथपर्यंत बुल तुम्हाला आवडू लागला असेल. मलाही आवडतो. पण १९६७ मध्ये सरकारी पैसा आटतो आणि आकाशाकडं रोखलेली नळी हळूहळू खाली येऊ लागते. सत्तरच्या दशकात बुल १५५ मिलिमीटरची एक लांब पल्ल्याची तोफ आखतो, जीसी-४५. दक्षिण आफ्रिकेला निर्बंध मोडून माल दिल्याबद्दल अमेरिकेत तुरुंगवासही भोगतो. ऑस्ट्रियातली नोरिकुम कंपनी त्याची रचना घेते आणि सुधारून लिझेन गावच्या कारखान्यात जीएचएन-४५ या नावानं तोफ ओतू लागते. इराण आणि इराक आठ वर्षं एकमेकांना जाळत होते, त्या युद्धात ही तोफ चोरवाटांनी इराकलाही पोचली आणि इराणलाही. ऑस्ट्रियात त्यावरून मोठं प्रकरण झालं. पन्हाळ्याच्या पायथ्याला निदान दोन्ही बाजूंनी आपापला गरुड आपण शिवला होता. इथं एकाच कारखान्याचा माल दोन्हीकडून डागला जात होता.

२२ मार्च १९९० च्या संध्याकाळी ब्रुसेल्समध्ये, घराच्या दाराशी, बुलला गोळ्या घालण्यात आल्या. तो तेव्हा सद्दाम हुसेनसाठी बार्बाडोसपेक्षाही अवाढव्य तोफ बनवत होता. मारेकरी आजवर सापडले नाहीत. तिथं थांबू नका.

त्याची तोफ पुण्याला आलेली बघायची आहे.

२०१२ च्या सुमारास, मुंढवा. भारत फोर्जचं आवार. नीलकंठराव कल्याणींनी १९६१ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी, ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि ॲक्सल घडवण्यात नाव कमावलेली. सोळा हजार टनी प्रेसखाली लालबुंद लोखंड येतं, एक दणका बसतो, आणि तुमच्या बुटांच्या तळव्यातून तो दणका दातांपर्यंत चढतो. याच कंपनीचा एक कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत आहे.

नीलकंठरावांचे चिरंजीव बाबा कल्याणी यांच्या डोक्यात तेव्हा तोफ शिरली होती. १९८७ च्या बोफोर्स प्रकरणानंतर नवी तोफ घेणं हे दिल्लीत हात पोळण्याचं काम झालेलं. खासगी कंपनीनं तोफ बनवावी ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटायची. कल्याणींनी स्वित्झर्लंडच्या रुआग कंपनीचा तोफांचा चालू कारखाना विकत घेतला, सुटा केला आणि पुण्यात आणून जोडला. आणि ऑस्ट्रियातल्या लिझेनहून उघडून, समजून घेण्यासाठी एक तोफ आणली: जीएचएन-४५. मार्टलेट उडवणाऱ्या हाताची तोफ मुळा-मुठेच्या काठी आली. तिच्या पेट्या उघडणाऱ्या फिटरला बार्बाडोसचं कोणी काही सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. त्याला मापं हवी होती.

मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं १५५ मिलिमीटरच्या ‘एटॅग्ज’ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार भारत फोर्ज आणि टाटांच्या कंपनीशी केला. ३०७ तोफा. तिची मूळ आखणी पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेची, एआरडीईची. पण आपल्याला बघायचीय ती या घरातली धाकटी बहीण. तिचं नाव गरुड १०५.

जवळ जा. चार चाकांची एक हलकी गाडी आणि तिच्या पाठीवर १०५ मिलिमीटरची तोफ. आपल्या सैन्यात या मापाच्या तोफा जुन्या ओळखीच्या. कारगिलच्या डोंगरांवर बोफोर्सबरोबर याच मापाचे गोळे पडले होते. मग नवं काय? नवं आहे धक्का खाण्याचं तंत्र. साधी तोफ जागेवर उभी असताना बार होतो आणि सगळा हिसका मागं येतो. तो पेलायला जड लोखंडी गाडा, जमिनीत रुतलेले फाळ. इथं नळी आधी पुढं झेप घेते, आणि झेप चालू असतानाच बार उडतो. मागं येऊ पाहणाऱ्या हिसक्याचा बराचसा जोर ती पुढची झेप थोपवण्यातच खर्ची पडतो. उरलेला नेहमीच्या पद्धतीनं शोषायचा. त्यामुळं एरवी जी तोफ हलक्या गाडीचा कणा मोडेल, ती गाडीवर बसवता येते. गोळे टाकायचे आणि निघायचं. शत्रूचं रडार गोळ्याचा मार्ग उलटा मोजून तोफेचा ठावठिकाणा काढेपर्यंत ती पुढच्या वळणापलीकडं गेलेली असते.

बारामतीच्या वाड्यातला करार इथं आठवा. पुराणातला गरुड वाहन होता, त्याच्या पाठीवर शस्त्रधारी देव. इथं शस्त्राचंच नाव गरुड, आणि वाहन दुसरंच कुणी. ओझं वाहण्याचं काम ट्रकच्या चासीकडं गेलं. गरुडाकडं फक्त वरची जागा उरली. त्यानं विष्णूकडं जे मागितलं होतं ते मुंढव्यात त्याला विनाअट मिळालं, असं म्हणायला हरकत नाही. मला स्वतःला जुना करार जास्त आवडतो. ज्याला ओझं वाहायचं नाही, त्याला वर बसवण्यात कसला मान?

शेवटची उडी लहान आहे, काही वर्षांची आणि दीडशे किलोमीटरची. ९ ऑक्टोबर २०२५, मुंबई, मलबार हिलचं टोक. राजभवनात ब्रिटनचे पंतप्रधान कीअर स्टार्मर आणि नरेंद्र मोदी भेटताहेत. स्टार्मर सव्वाशे जणांचं शिष्टमंडळ घेऊन आले आहेत. व्यापार, विद्यापीठं, सिनेमा असे विषय झाले. आणि एक घोषणा: थेल्स कंपनीच्या बेलफास्टच्या कारखान्यातून भारतीय लष्कराला हलकी बहुउद्देशी क्षेपणास्त्रं आणि त्यांचे प्रक्षेपक मिळणार. पस्तीस कोटी पौंडांचा करार, म्हणजे ढोबळमानानं चार हजार कोटी रुपये. उत्तर आयर्लंडमधल्या सातशेवर नोकऱ्या त्यानं टिकतील, असं ब्रिटिश सरकार आवर्जून सांगतं.

क्षेपणास्त्राचं ब्रिटिश सैन्यातलं नाव मार्टलेट.

वेस्टमिन्स्टरच्या ढालीवर तुम्ही वाकून बघितला होता तोच पक्षी. आता तो एक मीटर तीस सेंटिमीटर लांब आहे, पोटाचा घेर असा की ७६ मिलिमीटरच्या नळीत मावावा, वजन तेरा किलो. ब्रिटिश नौदलाच्या हेलिकॉप्टरांवर तो २०२१ पासून आहे, युक्रेनमध्ये ड्रोन पाडताना जगानं त्याला पाहिलंय. गरुड आणि मार्टलेट, एकानं जमिनीवर मारा करायचा आणि दुसऱ्यानं आकाशातून येणाऱ्याला अडवायचं, अशी वाटणी करून दोघंही एकाच देशाच्या शस्त्रांच्या यादीशेजारी येऊन उभे राहिले आहेत. दुसऱ्याचं गिऱ्हाईक पक्कं झालं.

मार्टलेट चालवणाऱ्या जवानाच्या शेजारी क्षणभर उभे राहा. नळी खांद्यावरून किंवा तिवईवरून डागता येते. आधी लहान मोटर क्षेपणास्त्राला नळीबाहेर ढकलते, ते माणसापासून पुरेसं दूर गेलं की मुख्य मोटर पेट घेते. जवानानं लक्ष्यावर लेझरचा किरण धरून ठेवायचा. क्षेपणास्त्राच्या शेपटीकडचा संवेदक तो किरण वाचतो आणि क्षेपणास्त्र त्याच्या आतच राहत पुढं जातं. वेग ध्वनीच्या दीडपट, पल्ला सहा किलोमीटरच्या वर. म्हणजे दूरच्या लक्ष्यासाठी दहा-पंधरा सेकंद हात हलू द्यायचा नाही.

पण त्याआधी एक गोष्ट व्हावी लागते. आकाशात दिसतो तो राखाडी ठिपका. त्यावर कुठलं चिन्ह रंगवलंय हे सहा किलोमीटरवरून कळत नाही, आणि कळलं तरी रंगावर विश्वास ठेवायचा नसतो. विमान असेल तर त्याला रेडिओवरून ठरलेला संकेत विचारला जातो. ड्रोन असेल तर आपल्या कुणाचं तिकडं उडतंय का, हे नियंत्रण कक्षाला विचारायचं. पन्हाळ्याच्या भालाइतानं विचारलं होतं तेच: कोणाकडचा? उत्तर येईपर्यंत कळ दाबायची नाही.